बिस्किटाच्या डब्यातली मिशी

आमच्या महिला महाविद्यालयाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेत कॉलेजचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारणं दोन सांगितली गेली. एक, मी मराठी शिकवते. दुसरं, मी याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. खरं कारण तिसरंच होतं, बाकी कोणी हो म्हणालं नव्हतं. मी बसून इतिहास लिहिला. स्थापना, संलग्नता, कायम संलग्नता, नवी इमारत, ग्रंथालय, सायकल स्टँड. लिहिता लिहिता मलाच जांभया यायला लागल्या, म्हणून मध्ये एक परिच्छेद मिशीवर घातला. संपादक मंडळाने तो तेवढा काढून टाकला. "विद्यापीठात प्रत जाणार आहे, बरं दिसत नाही," असं म्हणाले. आता मंडळ बरखास्त झालंय, स्मरणिका रद्दीत गेलीय, तेव्हा मिशीबद्दल सांगायला हरकत नाही.

विद्यापीठ मोठं. त्याच्या हाताखाली कितीतरी कॉलेजं, आणि बहुतेक सगळी मुलामुलींची मिळून. आमचं निव्वळ मुलींचं. ही गोष्ट विद्यापीठाच्या फारशी लक्षात राहत नसे. तिथून तपासणी समिती यायची ती सगळ्या कॉलेजांना एकच प्रश्न विचारत यायची. त्यात एक प्रश्न असायचा, मुलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय? आमच्या प्राचार्या, म्हणजे मोठ्या बाई, दर वेळी उत्तर द्यायच्या, "गरज नाही." आणि दर वेळी दुपारच्या जेवणानंतर समितीतल्या एखाद्या सरांना ती गरज पडायची. मग त्यांना समोरच्या तालमीत पाठवावं लागे.

तालमीचं आणि कॉलेजचं नातं जुनं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा जागा नव्हती. तालमीचा वरचा मजला रिकामा होता, तो मिळाला. खाली तांबडी माती, वर तर्कशास्त्र. खाली कुणी पडलं की वर फळा हलायचा. तालमीच्या वस्तादांनी त्या वेळी पोरांना एकच नियम घालून दिला होता, की मुली जिना चढायच्या आत कठड्यावर वाळत घातलेले लंगोट काढायचे. पहिल्या बॅचच्या बायका अजून सांगतात, सकाळी जिन्याखाली आलं की वरून धावपळीचा आवाज यायचा. पुढे समोरच कॉलेजची स्वतःची इमारत झाली, शेजारी फुटबॉलचं मैदान होतं, आणि वस्तादांना मोकळं मोकळं वाटायला लागलं. पण त्यांनी कॉलेज आपलं मानलं ते मानलंच.

नव्या इमारतीत पहिलं गॅदरिंग झालं तेव्हा फाटक उघडं होतं. आख्खी पेठ आत आली. शिट्ट्या इतक्या झाल्या की ईशस्तवनसुद्धा ऐकू आलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून मोठ्या बाईंनी फतवा काढला: गॅदरिंगच्या दिवशी आत पुरुष नाही. प्राध्यापक असला तरी नाही, कुणाचा बाप असला तरी नाही. फाटकावर खुर्ची टाकून वस्ताद स्वतः बसणार. एका वर्षी संस्थेचे एक पदाधिकारी हार-तुरे घेऊन आले, त्यांनाही वस्तादांनी तुरे आत पाठवायला लावले आणि पदाधिकाऱ्यांना चहा पाजून परत वाटेला लावलं.

पुरुष नाही म्हटल्यावर नाटकात पुरुष कुठून आणायचा? तर तो मुलींनीच व्हायचा. पहिल्या बॅचच्या एका मुलीने आपल्या वेणीचं टोक कापून दिलं आणि त्याची मिशी केली. चांगली झुपकेदार, टोकाला पीळ दिलेली. ती मिशी मोठ्या बाईंच्या कपाटात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असे. त्याच कपाटात मैदानावरून खिडकी फोडून आलेले फुटबॉलही जप्त करून ठेवलेले असायचे. नाटकाच्या दिवशी बाई स्वतः डबा उघडून मिशी हिरोच्या हातावर ठेवायच्या, आणि खेळ संपला की मोजून घेतल्यासारखी परत घ्यायच्या. फेटा मात्र वस्तादांचा. आमच्यातल्या कुणालाच बांधता यायचा नाही, आणि वस्ताद आत यायचे नाहीत. म्हणून ते फाटकावर बसून स्वतःच्या डोक्यावर फेटा बांधायचे, तो अल्लाद उचलायचे आणि गजांतून आत द्यायचे. वस्तादांचं डोकं मोठं. त्यामुळे आमचा प्रत्येक हिरो फेट्यात ओढणी कोंबून रंगमंचावर जायचा.

आता माझं. मी हुपरीची. घरात चांदीचं काम. पुढच्या सोप्यात आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भट्टी आणि ऐरण, आणि सगळं घर पैंजण करायला बसलेलं. आम्ही चौघी बहिणी. चौघींच्या पैंजणांचे घुंगरू आण्णांनी वेगवेगळे केले होते, मुद्दाम. मान खाली घालून काम करता करता त्यांना कळायचं, कोण विहिरीवर गेली, कोण शेजारी गप्पा मारायला सटकली. "ए थोरले, माघारी फिर," अशी हाक यायची. थोरली म्हणजे मी. वर मान करून बघायची त्यांना गरजच पडत नसे.

आण्णांचा आवाज म्हणजे घमेल्यात खिळे टाकल्यासारखा. छाती काढून चालायचे, आणि बोलायला लागले की समोरचा आधी गप्प व्हायचा, मग काय म्हणाले ते ऐकायचा. बारावीनंतर मी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा घरात दोन दिवस सामसूम होती. मग त्यांनी अट घातली. "निसत्या पोरींचं कालेज आसंल तर जा. तिथं एक जरी पोरगा दिसला, तर त्या दिशीच कालेज बंद."

परवानगी मिळाली तीही एका वर्षाची. विद्यापीठ नव्या कॉलेजला जशी दर वर्षी तपासून संलग्नता देतं, तशी माझी संलग्नता आण्णांकडून दर वर्षी नवी करून घ्यावी लागायची. पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आई भाकरी थापताना म्हणाली, "निपाणीकडनं एक ठिकाण आलंय. तुझ्या आण्णांच्या मनात भरलंय. जमलं तर वैशाखात बार उडवून देत्यात." माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मला बी.ए. व्हायचं होतं. का, म्हणून कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. पण सकाळी हुपरीहून एस.टी.त उभी राहून मी कोल्हापुरात उतरायचे तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. ग्रंथालयात खिडकीजवळ एक बाक होता, त्यावर बसून मी जे वाचलं ते दुसरं कुठे बसून वाचता आलं नसतं. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडायचं म्हणजे पैंजणाची साखळी ओवायची आणि टोकाला अडकवायचा फासा न लावता सोडून द्यायची. आईने विचारलं असतं तर मी रडले असते, पण तिने विचारलं नाही, आणि आण्णांना विचारायची माझी छाती नव्हती.

आणि नेमकी त्याच वर्षी मी हिरो होते. मी उंच, खांद्यात रुंद, आवाज जाडा. घरी या तिन्ही गोष्टींची काळजी होती, कॉलेजात या तिन्हींना भाव होता. नाटक आमच्या मराठीच्या बाईंनीच लिहिलं होतं. एक तरणा पाटील पहिल्या अंकात सगळ्या गावाला दमात घेतो, दुसऱ्या अंकात प्रेमात पडतो आणि शेवटी नायिकेच्या गळ्यात माळ घालतो. माळेचा भाग जमत होता, दम देण्याचा जमेना. बाई म्हणाल्या, "एखादा पुरुष डोळ्यांसमोर आण." आता घरात आम्ही सगळ्या बायका, कॉलेजात सगळ्या बायका. माझ्या डोळ्यांसमोर आणायला एकच पुरुष होता. दुसऱ्या दिवशी मी छाती काढून, घमेल्यातले खिळे वाजवत प्रवेश केला, आणि नाटकाच्या तालमीला बसलेल्या मुली आपोआप सरळ बसल्या.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की गॅदरिंगमध्ये आहे. समूहगीत असेल असं सगळ्यांनी धरलं. आईने कौतुकाने आपली निळी साडी दिली. ती मी नायिकेला दिली, कारण पाटलाला साडीचा काय उपयोग. नायिका म्हणजे माझी जिवलग मैत्रीण. तिच्या वडिलांचं पेठेतच शिवणकामाचं दुकान होतं, आणि माझा कोट तिथूनच आला होता. तो कुणा नवरदेवासाठी शिवून तयार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोक न्यायला येणार होते. "पाटील, घाम कमी गाळा," असं ती मला प्रत्येक प्रवेशाआधी बजावत होती.

आता फाटकाबाहेर काय चाललं होतं ते सांगते. हे मला वस्तादांकडून कळलं. त्यांनी ते पुढे वर्षानुवर्षं पेठेत इतक्या जणांना सांगितलं की आता मी स्वतः तिथे होते असं मला वाटायला लागलंय.

निपाणीच्या बाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, पोरगी बघायची होती, पण पोरीला कळू न देता. आमच्याकडे तशी चाल आहे. पोरगी विहिरीवर, बाजारात, जत्रेत चालताना-बोलताना बघून घ्यायची, म्हणजे ती खरी कशी आहे ते कळतं. आण्णांनी डोकं चालवलं, की कॉलेजच्या गॅदरिंगला बायकांना मज्जाव नाही. म्हणून त्यांनी बाईंना तिथेच बोलावलं. बाई आत जाऊन बघतील, आपण बाहेर थांबू. खूण म्हणून सांगितलं, "उच्ची पोरगी हाय, निळी साडी नेसली आसंल." बाई आत गेल्या. आण्णा वस्तादांशेजारी दगडावर बसले. दोघांनी तंबाखू मळली. वस्तादांनी विचारलं, "कुणाकडं आलाय पावणं?" आण्णा म्हणाले, "पोरगी हाय माझी आत. गाणं म्हणत्या."

वस्तादांना मी कोणाची मुलगी ते माहीत नव्हतं. आतून माझा आवाज बाहेरपर्यंत येत होता. गावकऱ्यांना दम देण्याचा प्रवेश चालू होता. आण्णांनी कान टवकारले आणि म्हणाले, "कोन हो ह्यो? वळखीचा आवाज वाटतोय." वस्ताद म्हणाले, "पाटील हाय. आवंदाचा पाटील लई झ्याक हाय. फेटा माझाच हाय." आण्णांना वाटलं, रेकॉर्ड लावली असेल.

नाटक संपल्यावर निपाणीच्या बाई बाहेर आल्या. त्यांच्या मराठीला कानडी हेल. त्या म्हणाल्या, "बघितली की पोरगी. निळी साडी. नाटकात काम करतीय."

"नाटकात?" आण्णा उठले.

"हौदु, व्हय. दिसायला बरी हाय. पण त्या पोराकडनं गळ्यात माळ घालून घेतली की तिनं. समद्यांच्या म्होरं. नाटक हाय, म्हाईत हाय मला. तरी पोरीच्या जातीला हे बरं न्हाई दिसत. आमच्याकडं न्हाई चालायचं हे." मग त्या जरा जवळ सरकल्या. "पोरीचं राहूंद्या आता. पण त्यो पोरगा कुणाचा हो? काय त्येची मिशी, काय त्येची चाल, काय त्येचं बोलणं. आवाज काढला की आख्खा मांडव गप. रुबाब लई हाय. माझी धाकली बी आवंदा लग्नाची हाय."

या बोलण्यात काही विसंगत आहे असं त्या बाईंना वाटलं नाही, वस्तादांना वाटलं नाही, आणि आण्णांना तर मुळीच नाही. आण्णांनी त्यातला एकच शब्द ऐकला होता, पोरगा. ते फाटकाकडे निघाले. वस्ताद आडवे आले. "पावणं, आत गडीमाणसाला बंदी हाय."

"मग त्यो मिशीवाला कोन हाय? माझी आज्जी?"

वस्तादांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. त्यांना तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं. पण समोरचा आपण होऊन चीत व्हायला निघालाय, मी कशाला हात लावू, असं ते नंतर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गॅदरिंगच्या दिवशी एका पुरुषासाठी फाटक उघडलं. "जावा. मोठ्या बाईंस्नी इचारा."

मोठ्या बाई आपल्या खोलीत चष्मा पुसत बसल्या होत्या. आण्णा दारातूनच सुरू झाले. "म्या पोरगी धाडली ती निसत्या पोरींचं कालेज हाय म्हणून. आत पोरगं कसं काय? विद्यापीठाला म्हाईत हाय का हे?"

बाईंना असे वडील नवे नव्हते. आधी एक-दोघांना त्यांनी शांतपणे समजावून सांगून पाहिलं होतं, पण कुणाचा विश्वास बसला नव्हता. तेव्हापासून त्या समजावत नसत, दाखवत. त्यांनी विचारलं, "कोणता मुलगा?"

"त्यो पाटील."

"बोलावते. तुम्ही बसा."

"मी बसाय आलो न्हाई."

"मग उभे राहा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिपाई मावशींना मला आणायला पाठवलं.

मला वाटलं, मिशी परत द्यायला बोलावलंय. मी धोतर, कोट, फेटा अशीच, पायातल्या चपला करकर वाजवत खोलीत शिरले, आणि समोर आण्णा. पळावं म्हटलं तर धोतरात पळता येत नाही, हे मला रंगीत तालमीतच कळलं होतं. वैशाख, निपाणी, ग्रंथालयातला बाक, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. संपलं आपलं कॉलेज, एवढंच मनात आलं.

आण्णांनी मला वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं. मी त्यांच्या बरोबरीची दिसत होते, फेट्यामुळे थोडी उंचच. माणूस कितीही रागात असला तरी फेट्यातल्या माणसाशी एकदम अरेतुरे करत नाही. आण्णांनी घसा साफ केला.

"काय पावणं, कुठलं गाव?"

आण्णा माझ्याशी इतक्या अदबीने आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझ्या तोंडून सवयीने पाटलाच्याच आवाजात निघालं, "हुपरी."

"हुपरी?" ते एक पाऊल पुढे आले. "मी बी हुपरीचाच की. कवा बघितलं न्हाई तुला." गाव एकच निघाल्यावर अदब संपली. "कुणाचा रं तू?"

बाईंनी चष्मा पुसायचा थांबवला. खिडकीबाहेर बक्षिसांची नावं पुकारत होते आणि टाळ्या पडत होत्या. मला आणखी काही सुचलं नाही. मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "तुमचंच की, आण्णा."

आण्णा खुर्चीत बसले. म्हणजे ते खाली गेले आणि सुदैवाने तिथे खुर्ची होती. बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"पैंजण कुठं हायत?"

"रुमालात बांधून ठेवलेत. पाटलाच्या पायात वाजले असते."

"तरीच," ते म्हणाले. पैंजण नसतील तर पोटची पोरगी ओळखू येत नाही, यात त्यांना स्वतःची काही चूक दिसली नाही. बिनआवाजाची मी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. थोड्या वेळाने उठून ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी हात वर केला आणि चिमटीत मिशीचं टोक धरून हलकंच ओढून बघितलं. भट्टीवरच्या नव्या पैंजणाचा जोड ते असाच ओढून बघायचे.

"पक्की बसलीया. कशानं चिकटवली?"

"डिंकानं."

"हं." त्यांनी मिशी सोडली. "आणि ही चाल? ह्यो आवाज? ह्यो कुठनं आणलास?"

"घरनंच."

"घरात कोन असा बोलतोय?"

बाई म्हणाल्या, "मघाशी दारात उभं राहून तुम्हीच बोलत होता. हुबेहूब."

आण्णांचे कान लाल झाले. ते मान खाली घालून उभे राहिले, आणि मग माझ्याकडे न बघता, जणू टेबलाला सांगावं तसे म्हणाले, "ती बाई म्हणत हुती, लई रुबाब हाय." मला तेव्हा कुठली बाई, काय म्हणत होती, काहीच कळलं नाही. पण आण्णांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधीच बघितलं नव्हतं. एखादा दागिना घडवून झाल्यावर ते तो दिव्याजवळ नेऊन फिरवून बघायचे, तसं ते तोंड होतं. आणि मला इतकं भरून आलं की मिशी ओली होईल म्हणून मी वर आढ्याकडे बघत राहिले.

बाईंनी बिस्किटाचा डबा उघडून पुढे केला. मी मिशी सोडवली, त्यात ठेवली. झाकण लावता लावता बाई आण्णांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे नाटक विद्यापीठाच्या महोत्सवात न्यायचा विचार आहे. तिथे सगळ्या कॉलेजांत खरे मुलगे असतात. आम्हाला चांगला हिरो लागेल." आण्णांनी त्यांना नमस्कार केला आणि ते बाहेर पडले.

मी कपडे बदलले. कोट मैत्रिणीने ओढून घेतला आणि काखेत नाक घालून वास घेतला, मग तोंड वाकडं करून इस्त्री करायला घेऊन गेली. मी माझा रोजचा पंजाबी ड्रेस घातला, दोन वेण्या घातल्या, निळी साडी पिशवीत कोंबली, पायांत पैंजण घातले आणि फाटकाकडे निघाले. वरचा ओठ डिंकाने लालभडक झाला होता.

फाटकाबाहेर आण्णा माझ्याकडे पाठ करून उभे होते. समोर निपाणीच्या बाई. बाजूला वस्ताद, चेहरा एकदम गंभीर, आणि त्यांची मिशी थरथरत होती. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. ज्या पोरीला बघायला त्या इतक्या लांबून आल्या होत्या, ती चार हातांवर उभी होती, पण त्यांना काही विशेष दिसलं नाही. त्यांचं सगळं लक्ष आण्णांकडे होतं.

"गेलता न्हवं आत? मग? भेटला का त्यो? कुणाचा हाय?"

मी जवळ गेले. पैंजण वाजले. आण्णांची पाठ किंचित हलली, पण ते मागे वळले नाहीत.

"भेटला," ते म्हणाले. "वळखीचाच निघाला. आमच्या हुपरीचाच हाय."

"मग बोलणं काढा की. बसू एक दिस."

"न्हाय जमायचं." आण्णांनी छाती काढली. घमेल्यात खिळे वाजले. "त्येच्या बाला इतक्यात लगीन करायचं न्हाई. शिकतोय अजून त्यो. बी.ए. होऊ द्या, मग बगू."

"आसं व्हय," निपाणीच्या बाई म्हणाल्या. पोरगा शिकतोय म्हटल्यावर त्यांनाही ते लगेच पटलं. त्यावर आणखी काही बोलावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

वस्ताद खुर्चीवरून उठले, तालमीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत बराच वेळ कुणीतरी खोकल्यासारखं हसत होतं.

एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. आण्णांनी ती मला दिली, नेहमी ते स्वतः बसायचे. शहराचे दिवे मागे पडले, हुपरीचा फाटा आला. मध्ये एकदा त्यांनी माझ्या ओठाकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून दिला. गावाच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा ते जागे झाल्यासारखे म्हणाले,

"ती मिशी बाईंकडं नीट ठेवाय दिलीस न्हवं?"

"दिली की. डब्यात ठेवली."

"बरं केलंस," आण्णा म्हणाले. "म्होरच्या वर्साला लागंल ती."